पत पणाला लावणारे

दिवा-रोहा गाडीनं पेण सोडलं की पुढचं स्थानक कासू. मग नागोठणे, निडी आणि शेवटी रोहा. ही रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली १९८६ साली. त्याच्या आगेमागे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत, वडखळजवळचा डोलवीचा पोलाद कारखाना असं एकेक या पट्ट्यात उभं राहत गेलं. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर अशा दोन भागांत वाटलं गेलं, ते वर्षानुवर्षं लांबलं, आणि कासू हे नाव कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडलं. आजोबा खारजमिनीत भात लावणारे, वडील कंपनीत कंत्राटी कामाला आणि नातवाच्या हातात मोबाइल, अशी घरं इथं पुष्कळ आहेत. यंत्रांमुळे माणसांचं जगणं बदलतं म्हणजे काय होतं, हे या पट्ट्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

या प्रकरणाचा प्रश्न शाळा-महाविद्यालयांचा आहे. नवं साधन दारात येतं तेव्हा संस्थेच्या प्रमुखानं नेमकं काय करायचं असतं? बहुतेक चर्चा साधनाच्या निवडीवर अडते: कोणता फळा, कोणतं ॲप, किती संगणक. मला ते दुय्यम वाटतं. साधन कुणीही विकत आणू शकतं, देणगीतही मिळतं. प्रमुखाच्या हाती खरी गोष्ट एकच असते, ती म्हणजे संस्थेची पत. तिची पदवी, तिची परीक्षा, तिची सही. नव्या वाटेनं शिकलेल्या मुलाच्या मागं ही पत उभी करायची की ती जुन्या वाटेसाठीच राखून ठेवायची, हा निर्णय दुसरं कुणी घेऊ शकत नाही. याच पट्ट्याशी नातं असलेल्या दोन मोठ्या माणसांच्या कामात या निर्णयाच्या दोन्ही बाजू दिसतात.

पहिले विनोबा. विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला झाला. आजच्या रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमली गेली. विनोबा त्या समितीचे सदस्य होते. तिनं मांडलेली योजना म्हणजे नयी तालीम: सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. मूल सूत कातेल, तार मोजताना गणित शिकेल, कापूस कुठून येतो हे पाहताना भूगोल, आणि कापड गिरणीत का गेलं हे विचारताना इतिहास.

नयी तालीम यंत्राच्या विरोधातली होती, असं आपण सहज म्हणून जातो. मला ती शिक्षणसामग्रीबद्दलची एक अतिशय विचारपूर्वक केलेली निवड वाटते. टकळी स्वस्त होती, मोडली तर गावातच दुरुस्त होत होती, प्रत्येक मुलाच्या हातात देता येत होती आणि तिच्यातून खरा माल तयार होत होता. आज शाळेत येणाऱ्या कोणत्याही उपकरणाला हे चार निकष लावून पाहावेत. फार थोडी टिकतील.

तरीही नयी तालीम विरली. कारणं अनेक सांगितली जातात: शिक्षक तयार नव्हते, कच्चा माल वाया जाई, सरकारांचं मन त्यात नव्हतं. माझ्या मते सगळ्यात जड कारण असं की मॅट्रिकच्या परीक्षेनं आणि विद्यापीठांनी तिच्याकडे पाठ फिरवली. नयी तालीमच्या बुनियादी शाळेतल्या मुलाला पुढे कॉलेजचं दार सहज उघडत नव्हतं, आणि आईबापांना हे लगेच कळलं. मग नेहमीच्या शाळांत आठवड्याला टकळीचे एकदोन तास उरले. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ या काळात सगळ्या शिक्षणाचा फेरविचार केला, त्यात या विचाराला ‘कार्यानुभव’ असं नवं रूप मिळालं. आमच्या पिढीनं तो तास कागदी फुलं करण्यात घालवला. ज्या विचाराच्या मागं गांधी आणि विनोबा उभे होते, त्याच्या मागं गुणपत्रिका उभी राहिली नाही.

दुसरे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावचा. बालपण बरंचसं रोह्यात. विनोबांपेक्षा चारच महिन्यांनी लहान. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला निसर्गविज्ञान आणि त्यात वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक, १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना मानतो. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. शिक्षणसंस्थांचे प्रमुख म्हणून त्यांनी काय केलं, याची आठवण मात्र आपण फारशी काढत नाही, आणि मला त्याची खंत वाटते.

१९४५ ते १९६४ अशी जवळजवळ वीस वर्षं देशमुख कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. संस्थेचे प्राण प्रशांतचंद्र महालनोबिस. १९५५-५६ च्या सुमारास या संस्थेत ब्रिटनहून आणलेला एचईसी-टू-एम हा संगणक सुरू झाला. भारतातला तो पहिला डिजिटल संगणक. पाठोपाठ रशियाचा उराल आला. यंत्रं आणण्याचा ध्यास महालनोबिसांचा, हे खरंच. पण ज्या काळात देशाजवळ परकीय चलनाची टंचाई होती, त्या काळात एका संशोधन संस्थेनं निर्वात नळ्यांचं महागडं यंत्र मागवावं, आणि संस्थेचा अध्यक्ष तेव्हा देशाचा अर्थमंत्रीही असावा, याचं वजन समजून घ्यायला हवं. संगणक तिथं शोभेला बसला नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी, नियोजनाचं गणित यांच्या डोंगरात बुडालेल्या संस्थेला त्याची खरी गरज होती. काम आधी होतं, यंत्र नंतर आलं.

१९५६ पासून १९६१ पर्यंत देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिले. आयोगाला कायद्याचा आधार मिळाला तो १९५६ मध्येच. तीन वर्षांच्या पदवीचा आराखडा देशभर रुजवण्याचं काम या काळातलं. मग मार्च १९६२ मध्ये ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीनं त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्याच वर्षी घडलं.

शहरांत कारकुनी करणारे, दुकानात बसणारे, घरच्या जबाबदारीत अडकलेल्या मुली, अशा लाखो माणसांना कॉलेजात जाऊन बसणं शक्य नव्हतं. पत्राद्वारे शिक्षण हा उपाय जगात होता. सोव्हिएत रशियात तो मोठ्या प्रमाणावर वापरात होता. केंद्र सरकारनं डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीकडून त्याचा अभ्यास करून घेतला होता. कल्पना देशमुखांची एकट्याची नव्हती. ती पेलायला एक विद्यापीठ हवं होतं आणि दिल्ली विद्यापीठानं ती पेलली. १९६२ मध्ये तिथं पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू झाला, सुमारे ९०० विद्यार्थ्यांनिशी. ब्रिटनच्या गाजलेल्या मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली १९६९ साली, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी.

तंत्र साधंच होतं: छापखाना आणि टपाल. छापील धडे घरी जायचे, विद्यार्थी उत्तरं लिहून पाठवायचा, प्राध्यापक ती तपासून शेरे मारून परत करायचे, आणि ठरावीक दिवसांत प्रत्यक्ष भेटीचे वर्ग भरायचे. टपालानं शिकलेल्या विद्यार्थ्याला दिल्ली विद्यापीठाचीच परीक्षा आणि दिल्ली विद्यापीठाचीच पदवी मिळणार, ही त्या योजनेची कणखर बाजू. वेगळं, हलकं प्रमाणपत्र काढून विद्यापीठाला सोवळं पाळता आलं असतं. तसं केलं असतं तर अपयश आलं तरी विद्यापीठाच्या नावाला धक्का लागला नसता, आणि यश येण्याची शक्यताही उरली नसती. एकच पदवी ठेवल्यामुळे धडे चांगले लिहिणं, उत्तरपत्रिका वेळेवर तपासणं ही विद्यापीठाची स्वतःची गरज झाली. त्यात ढिलाई झाली तर त्याचंच नाव जाणार होतं. आज त्याच विभागाचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग झालं आहे आणि विद्यार्थ्यांची संख्या लाखांत आहे.

महाराष्ट्रात हा धागा पुढे नेला राम ताकवले यांनी. ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, १९७८ ते ८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारीच्या परीक्षेतून पदवीच्या वाटेला लागता यावं, शेतकऱ्यासाठी शेतीचे शिक्षणक्रम असावेत, नेहमीच्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रं चालावीत आणि तिथं समंत्रकांनी रविवारी भेटावं, ही रचना त्या सुरुवातीच्या वर्षांत घडली. दूरदर्शन, ध्वनिफिती, पुढे संगणक, सगळी साधनं वापरली गेली. मला मात्र समंत्रक हे त्या रचनेचं मर्म वाटतं. पुस्तकाशी एकट्यानं झगडणाऱ्या गृहिणीला किंवा पोलीस शिपायाला महिन्यातून काही वेळा तरी समोर बसून प्रश्न विचारता येणारा माणूस. जिथं समंत्रक मन लावून येत राहिले तिथं केंद्र जगलं; जिथं ते कागदोपत्री राहिले तिथं मुक्त शिक्षण म्हणजे परीक्षेआधी गाईड वाचणं झालं. ताकवले यांनी पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचंही कुलगुरुपद सांभाळलं. २०२३ मध्ये ते गेले.

२००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकारानं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, उभी राहिली. विवेक सावंत तेव्हा तिचे प्रमुख होते. तिनं आणलेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम ठाऊक नाही असं मराठी घर आज क्वचित सापडेल. गावोगावच्या खासगी संगणक क्लासचालकांनाच तिनं अधिकृत केंद्रं म्हणून हाताशी धरलं, आणि प्रमाणपत्र मात्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं ठेवलं. सरकारी नोकरीत ते मागितलं जाऊ लागलं. आतापर्यंत एक कोटीहून अधिक लोकांनी तो अभ्यासक्रम केला आहे. पत मागं उभी राहिली की प्रसार किती झपाट्यानं होतो, हे इथं दिसतं. त्याचबरोबर धोकाही दिसतो: प्रमाणपत्र हवं म्हणून येणारे अनेक, संगणक हवा म्हणून येणारे कमी. शिक्का लावणाऱ्याला त्यामागचं शिक्षण सतत तपासत राहावं लागतं, तेवढं कुणाच्यानं होत नाही.

उलट उदाहरण पुण्याच्या बालचित्रवाणीचं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं मराठी मुलांसाठी हजारो शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. दूरदर्शनवर ते पाहिलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. केंद्राचं अनुदान थांबलं, राज्यानं ठोस जबाबदारी उचलली नाही, आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. तिचे कार्यक्रम कधीही अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग नव्हते. कोणत्याही मुख्याध्यापकाला ते नसल्यानं अडलं नाही, म्हणून ती बंद पडताना कुणी आडवं आलं नाही. नेमकं तीनच वर्षांनी राज्यातलं प्रत्येक मूल घरात पडद्यासमोर बसलं होतं आणि मराठी शैक्षणिक कार्यक्रमांची शोधाशोध चालू होती.

ते २०२० साल रायगडला दुहेरी संकट घेऊन आलं. शाळा मार्चपासून बंद होत्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. घरांची कौलं उडाली, शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले, आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. राज्यभर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम चालू होती आणि इथं मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती. डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांत तर वादळाआधीही नेटवर्क मिळवायला टेकाड चढावं लागायचं. अशा ठिकाणी शिक्षक वाडीवर जाऊन, अंगणात पाच-सहा मुलं गोळा करून शिकवत होते. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका पहिली ते आठवीसाठी सुरू झाली. इंटरनेट न लागणारं, घरातल्या साध्या टीव्हीवर दिसणारं साधन निवडणं हा त्या काळातला मला सर्वांत समंजस निर्णय वाटतो. त्याच वर्षी ३ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम त्यांनी एका छोट्या शाळेत सुरू केलं होतं. ते टिकलं ते बालभारतीच्या पुस्तकांत छापलं गेल्यामुळे. छापील पुस्तकात आलेली गोष्ट शिक्षकाची बदली झाली तरी शाळेत राहते.

आता कासूसारख्या गावच्या किंवा भोवतालच्या वाडीवरच्या शाळेकडे येऊ. इथं ‘नेतृत्व’ कुणाकडे असतं? शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर असेल तर. सहावी ते आठवीला १०० च्या वर. त्याखालच्या शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षक प्रभारी असतो. तो वर्ग शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, यू-डायस आणि सरल या सरकारी संकेतस्थळांवर माहिती भरतो, बैठकांना जातो. समग्र शिक्षा अभियानात ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान १० हजार रुपये. त्यात खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर लोकवर्गणीतून गावोगाव डिजिटल वर्ग उभे राहिले. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा पाहायला लोक राज्यभरातून गेले. शिक्षकांनी खिशातले पैसे घातले, माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिले. मग बिल थकलं, जोडणी तोडली गेली, आणि पडदा कपाटात गेला, ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी घडली आहे की तिला अपवाद म्हणता येत नाही.

दोष त्या प्रभारी शिक्षकाचा नाही. त्याच्या हाती पतच दिलेली नाही. टीव्ही लोकांनी दिला, बिल कुणी भरायचं हे जिल्हा परिषदेनं किंवा ग्रामपंचायतीनं कधी लिहून दिलं नाही. दिल्ली विद्यापीठाच्या त्या ९०० जणांचं तपासणीचं काम जसं विद्यापीठाच्या अंगावर होतं, तसं डिजिटल वर्गाचं वीजबिल कुणाच्या तरी अंगावर हवं. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्याची एक ओळ असली तरी पुरे. ती ओळ लिहून घेण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करणं आणि तो ग्रामसभेत नेणं, हे प्रभारी शिक्षकाला केंद्रप्रमुखाच्या पाठबळावर आजही करता येतं. नवा टीव्ही स्वीकारण्याआधी ते व्हावं.

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकापुढचा प्रश्न वेगळा आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि निबंध, प्रकल्प, स्वाध्याय मोबाइलवर क्षणात तयार होऊ लागले. पेण किंवा नागोठण्याचा नववीतला मुलगा ते वापरतो, शिक्षकालाही ते कळतं, आणि दोघंही गप्प राहतात. बंदीचं पत्रक काढणं सोपं आहे आणि निरुपयोगी. दहावीच्या भाषा विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन आहे. हे वीस गुण बहुतेक शाळांत जवळजवळ सगळ्यांना भरभरून वाटले जातात. तेच गुण मुख्याध्यापकाच्या सहीखाली मंडळाकडे जातात, म्हणजे शाळेची पत तिथं अक्षरशः कागदावर आहे. मुलानं यंत्राची मदत घ्यावी, पण लिहिलेल्या निबंधावर वर्गात उभं राहून पाच मिनिटं बोलावं; आगरी घरातल्या मुलीनं मिठागरांवरचा प्रकल्प यंत्राकडून लिहून घेतला असेल तर आजीला विचारून त्यातल्या चुका शोधून आणाव्यात; आणि गुण त्या बोलण्याला, त्या शोधलेल्या चुकांना मिळावेत. त्यासाठी पन्नास-साठ मुलांच्या वर्गात तासांची वेगळी मांडणी करावी लागेल, भाषेच्या शिक्षकावरचं दुसरं काम काढून घ्यावं लागेल, आणि काही मुलांना वीसपैकी बारा द्यावे लागतील. पालक विचारायला येतील. शेजारच्या शाळेत सगळ्यांना अठरा मिळाले आहेत, असं सांगतील. त्यांच्यासमोर बसून बारा गुणांवर ठाम राहणं हे त्या खुर्चीचं काम आहे.